पाणी कुठपर्यंत आलंय, एवढं सांगा

नाशिककरांना पुराची बातमी कशी वाचायची हे शिकवावं लागत नाही. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं, होळकर पुलाखाली किती पाणी आहे, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, एवढं कळलं की सराफ बाजारातला दुकानदार माल वर हलवायचा का ते स्वतःच ठरवतो. आपले स्थानिक पत्रकार हे आकडे सतत देत असतात आणि ते मोठं काम आहे.

पण पुराचं पाणी अणुवीज केंद्रापाशी आलं की हीच बातमी एकतर मुकी होते, नाहीतर किंचाळते.

काकरापारचंच बघा. सापुतारा उतरून व्याऱ्याकडे गेलं की आलंच. आपल्या कळवण-मालेगावची गिरणा जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते आणि तीच तापी उकाईवरून पुढे काकरापारला जाते. १५ जून १९९४ च्या रात्री तिथे धो धो पाऊस झाला, शेजारच्या मोतीचेर तलावाची पातळी वाढली आणि पाणी टर्बाइनच्या इमारतीत शिरलं. पहिली अणुभट्टी तेव्हा आधीपासूनच बंद होती आणि दुसरी अजून सुरू व्हायची होती. त्यामुळे मोठं संकट टळलं.

या पुराबद्दल मनोज मिश्रा नावाच्या तिथल्या कर्मचाऱ्याने 'गुजरात समाचार'ला पत्र लिहिलं. ते छापून आलं, त्याची चौकशी झाली आणि नोकरी गेली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. २०१३ मध्ये कोर्टाने त्याला 'व्हिसलब्लोअर' मानायला नकार दिला. निकालाची चर्चा वकिलांनी करावी. माझा प्रश्न साधा आहे: केंद्रात पाणी शिरलं हे आसपासच्या गावांना कळायला कामगाराचं पत्र का लागावं?

आता उलटं टोक. जून २०११ मध्ये अमेरिकेत मिसूरी नदीच्या पुराने फोर्ट कॅल्हून केंद्राला वेढा घातला. भट्टी इंधन बदलण्यासाठी एप्रिलपासूनच बंद होती. तरी 'भयंकर अपघात झालाय, सरकार दाबतंय' अशा अफवा जगभर फिरल्या. खरी बातमी वेगळीच होती आणि ती फारशी कुणी वाचली नाही: पुराची तयारी अपुरी आहे, असं तिथल्या नियामकाने २०१० मध्येच बजावलं होतं.

मुळात पुराची भीती कशासाठी? भट्टी बंद केली तरी इंधन गरमच राहतं. बंद केल्याक्षणी पूर्ण क्षमतेच्या सुमारे ६ ते ७ टक्के उष्णता निघत असते आणि नंतरही ती हळूहळूच कमी होते. म्हणून पाणी फिरवत राहावं लागतं, त्याला पंप लागतात, पंपाला वीज लागते. बाहेरची वीज गेली तर डिझेल जनरेटर हवेत. फुकुशिमात ११ मार्च २०११ ला बरेचसे जनरेटर तळघरात होते. समुद्राचं पाणी आत शिरलं आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून पत्रकार मित्रांनो, पुढच्या वेळी 'सर्व काही सुरक्षित' एवढंच प्रसिद्धीपत्रक आलं तर चार प्रश्न विचारा. पाणी आत्ता किती उंचीवर आहे? केंद्र किती उंचीच्या पुरासाठी बांधलंय? जनरेटर कितव्या मजल्यावर आहेत? बाहेरची वीज गेली तर किती दिवसांचं डिझेल आहे?

काकरापारला आज चार अणुभट्ट्या आहेत. आपल्या राज्यातलं तारापूर तर अगदी समुद्रकाठी, १९६९ पासून चालू. मी अणुविजेच्या विरोधात नाही. पण ज्या गावाला धरणाचा क्युसेक कळतो, त्याला हे आकडेही कळतील. लोक घाबरतील म्हणून आकडे लपवू नका. आकडे मिळाले नाहीत की लोक व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड खरा मानतात, आणि तेव्हा जास्त घाबरतात.

तुम्हाला काय वाटतं? कॉमेंटमध्ये जरूर लिहा. पालघर-डहाणूकडचं कुणी असेल तर तुम्हाला पावसाळ्यात काय सांगितलं जातं, तेही वाचायला आवडेल.