परीक्षा नसलेला तास

नाशिकरोडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी मी गणिताचा वर्ग घेते. पाचवी ते सातवीची मुलं येतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर सुरू केला तेव्हा एवढंच ठरवलं होतं, की शाळेच्या पुस्तकातलं काही शिकवायचं नाही. मग काय शिकवायचं, हे हळूहळू मुलांनीच ठरवलं.

आधी वर्ग फुकट होता. तोवर पावसाची सर, मावशीकडचं बारसं, टीव्हीवरची मॅच, कुठलंही कारण दांडीला पुरायचं. महिन्याला दोनशे रुपये घ्यायला लागले आणि त्याच मुलांना त्यांचे वडील स्कूटरवर बसवून वेळेच्या आधी आणून सोडू लागले. त्या पैशांतून खडू आणि चौकटींच्या वह्या येतात, उरले तर चिवडा.

फी आली तसा प्रश्नही आला. पहिल्या भेटीत पालक विचारतात, “मॅडम, ही तयारी कुठल्या परीक्षेची?” त्यांचा दोष नाही. आजूबाजूला सगळंच परीक्षेच्या नावानं चालतं. शाळेत स्कॉलरशिपचे जादा तास असतात. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेची होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा सहावीला आणि नववीला असते, तिचे क्लास वेगळे. शिवाय ऑलिम्पियाड. या शब्दाचा आमच्याकडे फार गोंधळ आहे. गणित ऑलिम्पियाडचा खरा रस्ता आयओक्यूएम, आरएमओ, आयएनएमओ असा पायरी-पायरीनं वर जातो, तो मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडून चालतो आणि त्यावर पाऊल ठेवायला निदान आठवी तरी गाठावी लागते. शाळेत दुसरी-तिसरीपासून जे फॉर्म वाटतात ते निराळे. त्यांत फी भरायची, गोळे रंगवायचे आणि वर्गातल्या बऱ्याच जणांनी मेडल घेऊन घरी यायचं. मेडल मिळालेलं मूल खूश असतं हे खरं, पण त्याला गणित आवडू लागलं असं त्यावरून मला म्हणवत नाही.

मी पालकांना सांगते, परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही, गृहपाठ नाही. काहीजण तिथूनच परततात. जे राहतात त्यांच्यात निम्मे, माझ्या मते, रविवारी सकाळी घर दोन तास शांत राहावं म्हणून राहतात. मला तेही चालतं.

नव्या मुलांना पहिल्या रविवारी मी कापरेकर सर सांगते. नाशिकरोडहून देवळाली हाकेच्या अंतरावर, आणि द. रा. कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवत होते. गणितातली मोठी पदवी नाही, विद्यापीठात नोकरी नाही. अनेकांनी त्यांच्या संख्यांच्या नादाला आकड्यांचा खेळ म्हणून बाजूला सारलं. १९७५ साली मार्टिन गार्डनरनं ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि मग जगभर नाव झालं. वर्गातल्या मुलांना रामानुजन ठाऊक असतात. बसनं जाता येईल अशा गावातला माणूस ठाऊक नसतो.

१९४९ साली त्यांच्या हाती लागलेली गोष्ट पाचवीच्या मुलालाही करून बघता येते. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. समजा ३५२४ घेतली. ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणि ६१७४चं तेच केलं, ७६४१ वजा १४६७, तर पुन्हा ६१७४. तिथून सुटका नाही. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत कुठलीही संख्या तिथे येऊन अडकते.

हॉलमध्ये हे करून घेताना आधी नुसता गलका असतो. वाढदिवसाची तारीख, बाबांच्या गाडीचा नंबर, एटीएमचा पिन (तो मोठ्यानं सांगू नका म्हणून ओरडावं लागतं), सगळं आत टाकून बघतात. मग कुणीतरी हात वर करतं, “काकू, माझं येत नाहीये.”

बहुतेक वेळा वजाबाकी चुकलेली असते. एका मुलाची नेहमी चुकायची. ८७३०मधून ०३७८ वजा करताना तो हातचे घेई पण पुढच्या घरातून ते कमी करायला विसरे, आणि ८३५२च्या जागी ८४६२ लिही. त्याच्या शेजारी अबॅकसला जाणारी एक मुलगी बसायची. तिची बोटं हवेत मणी सरकवल्यासारखी हलायची आणि उत्तर तयार. ती त्याला सारखी सांगायची, चूक आहे, चूक आहे. वैतागून त्यानं विचारलं, “तुला न करता कसं कळतं?” तिला सांगता येईना. तिला उत्तर येत होतं, त्याच्या पुढचा प्रश्न तिला कुणी विचारलेलाच नव्हता.

मग मी सगळ्यांची बरोबर आलेली उत्तरं फळ्यावर लिहिली आणि गप्प बसले. गप्प बसणं हा या वर्गातला माझा सगळ्यात अवघड भाग. बऱ्याच वेळानं त्याच मुलाला दिसलं की सगळ्या बरोबर उत्तरांच्या अंकांची बेरीज अठरा नाहीतर सत्तावीस, म्हणजे नवाच्या पटीत, येते. ८३५२ची अठरा. त्याच्या ८४६२ची वीस. तेव्हापासून तो आपली वजाबाकी आपणच तपासतो. हातचे अजून विसरतो, पण आता शेजारणीनं सांगायची गरज उरलेली नाही. आणि ती अबॅकसवाली नवाची भानगड का होते ते शोधायच्या मागे लागली. कारण साधं आहे. पहिला आणि चौथा अंक जागा बदलतात तेव्हा फरक ९९९च्या पटीत पडतो, मधल्या दोघांनी जागा बदलली की ९०च्या पटीत. दोन्हीत नऊ आहेच. ते तिनं जवळजवळ एकटीनं काढलं. अबॅकसबद्दल माझं मत त्या दिवशी थोडं मवाळ झालं. हातात वेग असला की करून बघायला उदाहरणं भरपूर मिळतात.

खरी मजा आली ती २१११मुळे. सहावीतल्या एका मुलीनं ही संख्या घेतली. २१११ वजा १११२, उत्तर ९९९. पुन्हा ९९९ वजा ९९९, उत्तर शून्य. “कापरेकर सर चुकले,” तिनं जाहीर केलं. इतकी गार पडलेली शांतता त्या हॉलनं क्वचित बघितली असेल.

मी सांगितलं, घरं चार धरायची, म्हणजे ०९९९. मग ९९९० वजा ०९९९, आले ८९९१. त्यातून ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. आलं की नाही?

“पण नऊशे नव्याण्णवच्या आधी शून्य कोण लिहितं?”

“नियम आहे तसा.”

“कुणी केला?”

सहावीतल्या मुलीनं विचारावा असा हा प्रश्न नव्हे, असं शाळेत वाटलं असतं, कारण पुढचा धडा वाट बघत असतो. आमच्याकडे पुढचा धडाच नव्हता. मी म्हटलं, ठीक आहे, शून्य लिहायचं नाही असा तुझा नियम. मग तुझ्या नियमानं किती संख्या बुडतात ते मोजून दाखव.

तो रविवार त्यातच गेला. ३२२२, ४३३३ बुडतात हे लगेच सापडलं. मग १२२२ पण. हळूहळू त्यांना कळलं की तीन अंक सारखे आणि चौथा त्यांच्या शेजारचा, एकानं कमी किंवा जास्त, अशीच संख्या ९९९वर येते. एक आणि दोनच्या जोडीत अशा आठ संख्या. जोड्या एक-दोनपासून आठ-नऊपर्यंत आठ. आठी आठी चौसष्ट. ती वही मिटणार तेवढ्यात मागून आवाज आला, “आणि हजार?” शून्य-एकची जोडी राहिलीच होती. तिथे शून्य पहिल्या घरात येऊ शकत नाही, म्हणून आठ नाही, चारच: १०००, १११०, ११०१, १०११. एकूण अडुसष्ट. वर ११११ ते ९९९९ या सारख्या अंकांच्या नऊ मिळवल्या की सत्त्याहत्तर. हा आकडा बरोबर आहे. त्यांनी तो कुठे वाचलेला नव्हता, आणि मी आधी सांगितला नव्हता.

त्या आठवड्यात एका आईचा फोन आला. पोरगा घरी काय शिकला विचारलं तर सांगतो, सत्त्याहत्तर. हे काय आहे? मी सगळं समजावलं. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, “बरं, पण अपूर्णांक कधी घेणार?” शाळेत त्याला अपूर्णांक जड जात होते. त्यांची काळजी रास्तच होती. मी पोळीच्या तुकड्यांनी अपूर्णांक शिकवू शकले असते, पण मग तो शिकवणीचा क्लास झाला असता, आणि तसे आमच्या गल्लीत पुष्कळ आहेत. त्याला अपूर्णांकांसाठी शनिवारी संध्याकाळी घरी बोलावलं. रविवार रविवारच ठेवला.

एवढं असून आठवीत वर्ग रिकामा होतो. आठवी म्हणजे फाउंडेशन. चार-पाच वर्षांनी द्यायच्या जेईईचा पाया आत्तापासून भरायचा, आणि नेमकी रविवारी सकाळीच तिथे टेस्ट. अडुसष्टवाली मुलगीही गेली. तिची आई पेढे घेऊन आली होती, फाउंडेशनच्या प्रवेश परीक्षेत तिला फीमध्ये मोठी सवलत मिळाली म्हणून. “तुमच्याकडचा बेस कामी आला,” म्हणाल्या. मला तसं काही वाटत नाही. तिथे ठरलेल्या वेळात ठरलेल्या वळणाचे प्रश्न सोडवावे लागतात, आणि आमच्याकडे तिनं एका प्रश्नावर अख्खी सकाळ घालवली होती. पण पेढे चांगले होते आणि वाद घालायची ती वेळ नव्हती.

जाताना तिनं विचारलं होतं, पाच अंकी संख्यांचं काय होतं? तीन अंकींचा मुक्काम ४९५ आहे, हे त्यांनी काढलं होतं. दोन अंकींना मुक्कामच नाही, त्या ९, ८१, ६३, २७, ४५ अशा गोल फिरत राहतात, हेही. पाच अंकींचं मी सांगितलं नाही. करून बघ म्हटलं.

दिवाळीच्या सुट्टीत व्हॉट्सॲपवर तिचा फोटो आला. फाउंडेशनच्या टेस्टबुकचं मागचं कोरं पान, त्यावर बारीक अक्षरात वजाबाक्या. एका चकरेत ६१९७४, ८२९६२, ७५९३३, ६३९५४. दुसरीत ६२९६४, ७१९७३, ८३९५२, ७४९४३. खाली लिहिलेलं: दोनच चकरा आहेत, काकू.

मी लिहिलं, अजून एक आहे.

लगेच उत्तर आलं: सांगू नका.