काचेच्या नाकाची पाणबुडी आणि रिसोडचे जुने कपाट

१/
१४ सप्टेंबर १९६४ रोजी अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर एक विलक्षण पाणबुडी अवतरली. तिच्या नाकाला मोठाल्या काचा होत्या आणि त्यांतून समुद्रतळ दिसत असे. पाणबुडीचे नाव ‘सीव्ह्यू’, मालिकेचे ‘व्हॉयेज टू द बॉटम ऑफ द सी’. चार पर्वे आणि ११० भागांनंतर ३१ मार्च १९६८ रोजी मालिका संपली; तिच्यावरचे प्रेम मात्र संपले नाही. मालिका संपल्यानंतर तिचे काय उरते आणि ते कोण सांभाळते, याचा हा धागा. तो सुरू होतो अमेरिकेत आणि पोहोचतो रिसोडला, समुद्रापासून सरळ रेषेत चारशे किलोमीटरांहून दूर.

२/
या मालिकेचा जन्मच काटकसरीतून झाला. निर्माता अर्विन ॲलन याने १९६१ साली याच नावाचा चित्रपट काढला होता. पृथ्वीभोवतीचा किरणोत्सारी पट्टा पेट घेतो, जग होरपळू लागते आणि पाणबुडीतला ॲडमिरल क्षेपणास्त्र सोडून ती आग विझवतो, असे त्याचे कथानक. चित्रपटासाठी उभारलेले महागडे देखावे मोडीत काढण्याऐवजी ॲलनने जपून ठेवले आणि त्यांच्याच आधारावर मालिका उभी केली. ॲडमिरल नेल्सनच्या भूमिकेत रिचर्ड बेसहार्ट होता, कॅप्टन क्रेनच्या भूमिकेत डेव्हिड हेडिसन. पहिले पर्व कृष्णधवल, पुढची तीन रंगीत.

३/
पडद्यावरची अजस्र पाणबुडी म्हणजे प्रत्यक्षात लहान-मोठ्या आकाराच्या प्रतिकृती होत्या. त्यांतली सर्वांत मोठी सुमारे १७ फूट लांब होती. इतकी मोठी कशासाठी? जहाज लहान करता येते, पाणी लहान करता येत नाही. छोट्या खेळण्याशेजारी साधा बुडबुडाही फुग्याएवढा दिसतो आणि सारे सोंग उघडे पडते. म्हणून प्रतिकृती शक्य तितकी मोठी करायची, चित्रीकरण वेगाने करायचे आणि दाखवताना ते संथ करायचे. मग तिला वजन आल्यासारखे भासते. ही करामत करणाऱ्या एल. बी. ॲबट यांना एमी पुरस्कार मिळाला.

४/
काळही अनुकूल होता. १९५८ साली ‘नॉटिलस’ ही अमेरिकेची अणुपाणबुडी उत्तर ध्रुवाच्या बर्फाखालून गेली. २३ जानेवारी १९६० रोजी झाक पिकार आणि डॉन वॉल्श ‘त्रिएस्त’ या यानातून मारियाना गर्तेच्या तळाशी, जवळपास ११ किलोमीटर खोल उतरले. समुद्रतळ हे उद्याचे अंगण वाटू लागले होते. त्याच वेळी शीतयुद्धाची धास्तीही होती. म्हणूनच कथेतली ‘सीव्ह्यू’ जगाच्या दृष्टीने संशोधन-नौका, पण पोटात अण्वस्त्रे बाळगणारी. सुरुवातीच्या भागांत हेर आणि कारस्थाने, पुढे राक्षसी जलचर आणि परग्रहवासी. पहिली पर्वे सरस की नंतरची, हा चाहत्यांचा वाद अजूनही चालू आहे.

५/
मालिकेसोबत बाजारही आला. मुलांसाठी चित्रे छापलेला शाळेचा पत्र्याचा डबा, घरी बसून खेळायचा पट, गोल्ड की कंपनीच्या चित्रकथा, ऑरोरा कंपनीचा सुटे भाग जोडून पाणबुडी बनवण्याचा संच. यांतले काहीही टिकावे म्हणून बनवलेले नव्हते. डबा गंजावा, पटाच्या सोंगट्या हरवाव्यात, पाणबुडी न्हाणीघराच्या टबात बुडावी, हाच त्यांचा नैसर्गिक शेवट. ज्या थोड्या वस्तू वाचल्या, त्या कोणाच्या तरी हट्टामुळे वाचल्या.

६/
पुढे तीच मुले मोठी झाली. त्यांनी जुने संच शोधले, मूळ प्रतिकृतींच्या मोजमापांवर रात्री घालवल्या, कोणत्या भागात कोणते दृश्य पुन्हा वापरले याच्या याद्या केल्या. कलाकारांना चाहत्यांच्या मेळाव्यांत बोलावून त्यांच्या आठवणी नोंदवल्या. बेसहार्ट १९८४ साली गेला, ॲलन १९९१ साली, हेडिसन २०१९ साली. निर्माते आणि नट गेल्यावर त्या काचेच्या नाकाचा आकार नेमका कसा होता हे सांगणारे उरले ते चाहते. मोबियस मॉडेल्स या कंपनीने एकविसाव्या शतकात पाणबुडीचा मोठा संच पुन्हा बाजारात आणला, तोही याच पिढीच्या ओढीवर.

७/
हा केवळ छंद आहे असे वाटत असेल, तर ब्रिटनचे उदाहरण पाहावे. बीबीसीने साठच्या दशकातील ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे अनेक भाग नष्ट केले. चित्रफीत महाग असे, ती पुसून पुन्हा वापरली जाई. त्या हरवलेल्या भागांचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण काही मुलांनी घरच्या टीव्हीशेजारी ध्वनिमुद्रक ठेवून तो टिपला होता. संस्थेने पुसलेला इतिहास घरातल्या फितीने वाचवला. इतिहासाच्या साधनांची व्याख्या यामुळे थोडी रुंद होते.

८/
मात्र स्मरणरंजन निवडक असते. चाहत्याला सोनारचा तो ‘पिंग’ आठवतो, एकदम एका बाजूला कलंडणारी माणसे आठवतात. त्या पाणबुडीच्या कायमच्या चमूत एकही स्त्री नव्हती हे चटकन आठवत नाही. अणुबॉम्बची भीतीही आठवणीतून गळून पडते. प्रेमाने जपलेली वस्तू खरी असते, पण तिच्याभोवतीची गोष्ट तपासावी लागते.

९/
या विस्मृतीचा सर्वांत मोठा बळी भारतीय आहे. पडद्यावरच्या बहुतेक पाणबुड्यांचा मूळपुरुष म्हणजे ज्यूल व्हर्नच्या १८६९-७० मधील कादंबरीतला कॅप्टन निमो. व्हर्नच्या मनात तो आधी पोलिश होता. रशियन वाचक दुखावतील म्हणून प्रकाशकाने ते नाकारले. पुढे १८७४-७५ मधील कादंबरीत रहस्य उलगडले: निमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डाकर, १८५७ च्या लढ्यात उतरलेला आणि त्यात सर्वस्व गमावलेला. डिस्नेच्या १९५४ सालच्या चित्रपटात तो जेम्स मेसन या ब्रिटिश नटाच्या चेहऱ्याने आला आणि कित्येकांच्या आठवणीत तोच चेहरा कायम झाला.

१०/
मराठीत हे अद्भुत टीव्हीच्या कितीतरी आधी, कागदावरून आले. १९०० च्या सुमारास ‘केरळ कोकिळ’ या मराठी मासिकात व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे रूपांतर क्रमशः छापले जात होते. पुढे भा. रा. भागवतांनी (१९१०-२००१) व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या. ‘फास्टर फेणे’चे जनक म्हणून सर्वांना ठाऊक असलेले भागवत हे विज्ञान-साहसाचे मोठे वाहकही होते. अमेरिकन मुलाकडे पत्र्याचा डबा होता. मराठी मुलाकडे वाचनालयाचा शिक्का असलेले, मागच्या पानावर परतीच्या तारखा मारलेले पुस्तक होते.

११/
टीव्हीचे म्हणाल, तर मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. ‘सीव्ह्यू’ची मूळ सफर त्याआधी चार वर्षे संपली होती. पण ती चालू असतानाच भारताने खऱ्या पाण्यात बुडी मारली होती. ८ डिसेंबर १९६७ रोजी ‘कलवरी’ ही पहिली पाणबुडी नौदलात दाखल झाली. पुढच्या वर्षी आली ‘खांदेरी’. हे नाव १६७९ साली शिवाजी महाराजांनी ज्या बेटावर तटबंदी उभारून इंग्रजांना बेजार केले, त्या बेटाचे. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली नवी ‘खांदेरी’ २०१९ साली रुजू झाली.

१२/
आता रिसोड. इथे समुद्र नाही, तालुक्यातून पैनगंगा वाहते. पण पश्चिमेला सरळ रेषेत जेमतेम तीस किलोमीटरांवर लोणार आहे: उल्काघाताने बसाल्टात पडलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आणि त्यात खारे पाणी. अंतराळ आणि अथांग पाणी या विज्ञानकथेच्या दोन आवडत्या गोष्टी जिथे शेजारी नांदतात, तिथल्या मुलाला निमोची ओढ वाटायला समुद्रकिनारा लागत नाही.

१३/
अशा गावाच्या स्मरणवस्तू वेगळ्या असतात. रेडिओ-टीव्हीचा परवाना पाहा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत संच घरी ठेवायचा तर टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे आणि दरवर्षी शुल्क भरावे लागे. ती छोटी पुस्तिका सापडली, तर घरात संच केव्हा होता आणि परवाना कोणाच्या नावावर होता याचा लेखी पुरावा हाती येतो. पत्त्याची ओळही बोलते: वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, म्हणून पत्त्यात ‘रिसोड, जि. अकोला’ असे असेल, तर कागद बहुधा त्याआधीचा. तारीख पुसट झाली तरी पत्ता काळ सांगून जातो.

१४/
अमेरिकन चाहत्यांकडून घ्यावी ती ही शिस्त. वस्तूचा फोटो काढावा. ती कोणाची, कुठून आली, केव्हाची, हे चार ओळींत लिहून तिच्यासोबत ठेवावे. नोंद नसलेला डबा हा केवळ जुना पत्रा असतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे: गल्लीत पहिला टीव्ही कोणाकडे आला, पाहायला किती जण जमत, आत कोणाला बसू देत आणि कोणाला दारातूनच पाहावे लागे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पुस्तिकेत सापडणार नाही.

१५/
‘सीव्ह्यू’ कधीच खऱ्या समुद्रतळाशी गेली नाही. तरीही तिचा प्रत्येक पत्रा कोणीतरी मोजून ठेवला आहे. रिसोडच्या घराघरांत टीव्ही, रेडिओ आणि पुस्तके खरोखर आली, त्यांनी माणसांच्या संध्याकाळी खरोखर बदलल्या. त्याची मोजदाद अजून व्हायची आहे. दिवाळीच्या साफसफाईत कपाटाचा वरचा कप्पा रिकामा होतो आणि गठ्ठा रद्दीवाल्याच्या तराजूत जातो. त्याआधी एकदा तो सोडून पाहावा.