अक्षरओळखीपूर्वीचे शिक्षण

जून महिन्यात मुलाला वसतिगृहात सोडावयास आलेले पालक निघताना हमखास म्हणतात, "गुरुजी, आम्ही अडाणी माणसं, आता तुम्हीच याला घडवा." या विश्वासाबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत, परंतु या वाक्याचा पूर्वार्ध आम्हांस मान्य नाही.

आमच्याकडे येणारे मूल कोरी पाटी घेऊन येत नाही. त्रिशरण-पंचशील त्याला मुखोद्गत असते. पाली त्याला कोणी शिकविलेली नसते. विहारात आजीच्या मांडीवर बसून, वडीलधाऱ्यांच्या आवाजात आवाज मिसळता मिसळता ती त्याच्या ओठी येते. कापूस वेचणाऱ्या आईबरोबर सायंकाळी काट्याजवळ उभी राहणारी मुलगी किलो आणि मजुरी यांचा हिशेब शाळेच्या आधीच जाणते, कारण त्या हिशेबावर घरची चूल अवलंबून असते. गणिताच्या पुस्तकाला ही निकड आणता येत नाही.

मूल पाहून शिकते, हे सत्य मात्र दुधारी आहे. वाट सोडून उभे राहणे, ओंजळीत वरून ओतलेले पाणी पिणे, हेही आपल्या पूर्वजांच्या मुलांनी असेच आत्मसात केले. त्यासाठी शाळा लागली नाही. आईबापांच्या वाकलेल्या पाठीवरून त्यांनी तो धडा वाचला. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेब स्त्रियांना उद्देशून बोलले, तेव्हा लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे दागिने यांविषयीही बोलले. मुलींना शिकविण्याचा आग्रहही त्यांनी धरला. इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांस हे भाषण शिक्षणशास्त्राचे वाटते. आईचे नेसणे बदलले की काखेतल्या लेकीचा धडा बदलतो. स्वतः बाबासाहेबांची वाचनाची गोडीही प्रथम घरात जोपासली गेली. सुभेदार रामजी मुलांच्या वाचनाविषयी दक्ष असत.

आज चिंता आहे ती वेगळीच. दोन वर्षांत पुस्तकी भाषा बोलू लागलेला मुलगा भेटीच्या रविवारी आईच्या बोलीला हसतो. जिच्याकडून तो बोलावयास शिकला, तिचीच त्याला लाज वाटावी, यासाठी 'शिका' हा मंत्र आपल्याला मिळालेला नाही. शिक्षणाने मूल वस्तीपासून तुटले, तर त्यापुढील 'संघटित व्हा' कोणाशी?

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. दिवाळीच्या सुटीत मुलाला पाहुण्यासारखे बसवून ठेवू नका. विहारात न्या, बाजारात न्या, हिशेब त्याच्याकडून तोंडी करून घ्या. रात्री त्याला मोठ्याने वाचावयास सांगा आणि वाचलेले तुमच्या बोलीत समजावून मागा. जे त्याला तुम्हांला सांगता येणार नाही, ते त्यालाही समजलेले नाही, असे खुशाल धरा आणि पुढच्या भेटीत आम्हांस कळवा. तेवढी परीक्षा घेण्याइतके शिक्षण तुमच्यापाशी निश्चित आहे.