मीच लिहिलेली शिफारसपत्रं

अमेरिकेतल्या विद्यापीठांना पहिल्यांदा अर्ज केले तेव्हा मी एका मराठी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होतो. मास कम्युनिकेशनमध्ये एमए करायचं, एवढंच ठरलेलं. हे एमए दोन जातींचं असतं, याचा पत्ता नव्हता. एक बातमीदारी, संपादन, माहितीपट शिकवणारं. दुसरं माध्यमांचं संशोधन करायला लावणारं, प्रबंध लिहून घेणारं. दुसऱ्यात फीमाफी आणि सहायकाचं वेतन मिळण्याची शक्यता जास्त असं कानावर आलं, म्हणून तिकडे वळलो. जागा संशोधकाची आणि मजकूर मात्र बातमीदाराचा.

आणि काय मजकूर! एसओपीची, म्हणजे अर्जासोबतच्या उद्देशपत्राची, सुरुवात ६ जानेवारी १८३२ला, बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'पासून. मग १८८१चा 'केसरी', मग लोकशाहीचा चौथा स्तंभ, मग मी. पत्रकार दिनाच्या भाषणात खपून गेलं असतं. निवड समितीला मात्र जाणून घ्यायचं असतं की हा माणूस नेमकं काय शोधणार आणि आपल्याकडचं कोण त्याला मार्गदर्शन करणार. प्राध्यापकांची नावं मी घातली होती, त्यांचा एकही लेख न वाचता. माध्यम-संशोधक मॅककॉम्ब्स आणि शॉ यांचा १९७२चा निबंधही नकार आल्यावर वाचला. १९६८च्या निवडणुकीत त्यांनी चॅपल हिलमधल्या, मत पक्कं न झालेल्या १०० मतदारांना महत्त्वाचे मुद्दे विचारले आणि ती उत्तरं बातम्यांत कशाला किती जागा मिळाली याच्याशी ताडून पाहिली. वाचताना चरफडलो. पान एकवर काय जाणार हे रोज रात्री आमच्याच टेबलावर ठरत होतं, आणि ते मोजता येतं हे मला सुचलं नव्हतं.

खरं तर त्याहून चांगला प्रश्न माझ्यासमोर होता. आमच्या तालुक्याच्या वार्ताहरांना मानधन जेमतेम पेट्रोलपुरतं. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनची. वर्धापनदिनाची पुरवणी आली की प्रत्येकाला टार्गेट. साखर कारखाना, पतसंस्था, नगराध्यक्षांचे शुभेच्छा संदेश. ज्या कारखान्याकडून पानभर जाहिरात आणली, त्याने उसाची बिलं थकवल्याची बातमी तोच वार्ताहर कशी पाठवणार? कुणी पाठवायचे, कुणी दोन दिवस थांबून पाठवायचे, कुणी शेजारच्या तालुक्यातल्या मित्राच्या नावावर खपवायचे. अर्जात यातली एक ओळ नव्हती. घरचं परदेशात कशाला सांगायचं, ही लाज होतीच. पण यात अभ्यासण्यासारखं काय आहे, असंही प्रामाणिकपणे वाटत होतं.

शिफारसपत्रांची गोष्ट सांगायला आजही जड जाते. मोठ्या पदाची माणसं निवडली, त्यात मला चेहऱ्यानेही न ओळखणारे एक प्राचार्य. 'तूच लिहून आण, मी सही करतो,' हे आपल्याकडचं नेहमीचं उत्तर मिळालं आणि मी आनंदाने लिहून नेलं. पत्रं तीन, शैली एकच. तिन्हींत मी मेहनती आणि सुस्वभावी. शिवाय फॉर्मवर एक चौकट असते, पत्रं पाहण्याचा हक्क सोडत असल्याची. तिथे टिक केली तेव्हा तिन्ही पत्रं माझ्याच कॉम्प्युटरवर होती. सगळीकडून नकार आला. अर्जांच्या शुल्काचे डॉलर गेले ते गेलेच.

पुढच्या वेळी 'दर्पण' काढून टाकला आणि वार्ताहर, पुरवणी, थकलेली बिलं यांवरच लिहिलं. शिफारसपत्र मागायला आमच्या वृत्तसंपादकांकडे गेलो, कारण माझ्या कॉपीतल्या चुका त्यांच्याइतक्या कुणालाच ठाऊक नव्हत्या. त्यांनी एसओपीचा मसुदा वाचला. "पेपरचं नाव नाही ना घातलंस?" म्हणाले. नव्हतं घातलं. "मग देतो. पण मी माझं लिहिणार, तू बघायचं नाहीस."

मार्चमध्ये एका विद्यापीठाने सहायकपदासह प्रवेश दिला. १५ एप्रिलपर्यंत होकार कळवायचा होता. वृत्तसंपादकांना बातमी सांगितली तेव्हा त्यांच्यासमोर त्या वर्षीच्या पुरवणीची टार्गेटं होती. "जाण्याआधी दोन तालुके तूच बघ," म्हणाले.