भेग दिसली!

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये ट्रॉलरच्या इंजिनाचं हेड उघडून ठेवलं होतं. मिस्त्रींनी ते घासूनपुसून लख्ख केलं, लाल डाय फवारली, दहा-पंधरा मिनिटं जाऊ दिली आणि फडक्यानं सगळी लाली पुसून टाकली. हेड कोरं करकरीत! मग पांढऱ्या डेव्हलपरचा पातळ हात मारला, आणि बघता बघता दोन व्हॉल्व्हच्या मधोमध केसाएवढी लाल रेघ उमटली. "ही बघा, आली वर," मिस्त्री म्हणाले. भेगेत शिरलेली डाय फडक्याला सापडत नाही, डेव्हलपरची पावडर मात्र तिला बाहेर ओढते. बस्स, एवढंच!

तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. कारण जेट इंजिनांचे भागही असेच तपासतात! फक्त तिथली डाय चमकणारी. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा लावला की भेग हिरवट-पिवळी उजळते.

आणि तरीही भेग निसटते, हे वाचून तर मी हादरलोच. १७ एप्रिल २०१८ला अमेरिकेत साउथवेस्ट एअरलाइन्सच्या बोइंग ७३७चं एक फॅन ब्लेड हवेतच मुळाशी तुटलं, इंजिनाच्या उडालेल्या तुकड्यानं खिडकी फुटली आणि तिच्याजवळची प्रवासी दगावली. २०१२च्या ओव्हरहॉलमध्ये ते ब्लेड या चमकत्या डायनं तपासलेलं होतं! भेग बहुधा तेव्हाही होती; दिसली नव्हती. मग तीनच दिवसांत तिथल्या विमान नियामकाचा तातडीचा आदेश निघाला: त्या जातीच्या ज्या इंजिनांची ३०,००० सायकल झाली, त्यांची सगळी फॅन ब्लेडं वीस दिवसांत अल्ट्रासोनिकनं तपासा. सायकल म्हणजे एक उड्डाण आणि एक उतरणं. ध्वनिलहरी धातूत सोडायच्या. वाटेत भेग असली की त्या परत फिरतात. डायला भेगेचं तोंड वर उघडं लागतं, या लहरींना आतलंही कळतं!

मला सगळ्यात भावला तो त्या आदेशातला सक्तीचा सूर. 'पुढच्या सर्व्हिसिंगला बघू' ही सोयच नाही. तपासलं नाही, तर विमान उडायचं नाही. आपल्याकडे डीजीसीएही असे आदेश बंधनकारक करते, आणि नागपूरला मिहानमध्ये तर विमानदुरुस्तीचं मोठं केंद्रच आहे. रत्नागिरीवरून तटरक्षक दलाचं डॉर्निअर गेलं की आता मी आधी त्याची इंजिनं बघतो. आमच्या पॉलिटेक्निकच्या पोरांना ती लाल रेघ कुणीतरी दाखवा हो, एकदा तरी, त्यांच्याच हातानं फवारून!