अकोला ते अमरावती: फॉर्ममधल्या एका रकान्यासाठी

अकोल्याहून अमरावतीला आम्ही वर्षातून चार-पाच वेळा तरी जातो. कधी लग्न, कधी मयत, कधी बोर्डाचं काम. 2024 च्या ऑगस्टमधलं जाणं मात्र लपूनछपून होतं. शेजाऱ्यांना सांगितलं, फूफीची तब्येत पाहायला चाललो आहोत.

खरी गोष्ट अशी होती. आपाच्या मुलीला, म्हणजे आमच्या भाचीला, किर्गिझस्तानात बिश्केकला एमबीबीएससाठी प्रवेश मिळाला होता. फीचा पहिला हप्ता भरून झाला होता. आता आरोग्याचा फॉर्म भरायचा होता, आणि त्यात एक रकाना होता: पूर्वीचा काही आजार? भाचीला लहानपणापासून दमा आहे. फार नाही, पण थंडीत आणि धुळीत छाती भरते, पंप घ्यावा लागतो. एजंटने फोनवर सांगून टाकलं, "सगळीकडे 'नाही' लिहा, उगाच भानगड नको." अम्मींना वेगळीच फिक्र. "दम्याचं कागदावर आलं तर उद्या रिश्त्याच्या वेळी काय सांगाल?"

भाची हटून बसली, की एकदा डॉक्टरांना विचारू. अकोल्यात छातीचे डॉक्टर आहेत, सरकारी मेडिकल कॉलेजही आहे. पण तिथे कुणी ना कुणी ओळखीचं भेटणारच. म्हणून अमरावती.

सकाळी बस स्टँडवरून एसटी पकडली. आपा आणि भाचीला अर्धं तिकीट, आम्हाला पूर्ण. बोरगाव मंजू मागे पडलं. दोन्ही बाजूंना सोयाबीन गुडघ्यापर्यंत आलेलं, मध्ये तुरीच्या ओळी, पुढे कपाशी. रस्ता आता असा झाला आहे की हातातला चहा सांडत नाही. 2022 च्या जूनमध्ये याच अकोला-अमरावती रस्त्यावर, एक पदर मोजला तर 75 किलोमीटरचा डांबरी थर सलग 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. लोकांच्या लक्षात ते पाच दिवस राहिले. त्याआधी खडी, डांबर, यंत्रं, माणसांच्या पाळ्या, सगळ्याची जुळवाजुळव झाली होती, ती कुणी पाहिली नाही.

काटेपूर्णेच्या पुलावर भाचीने खिडकीतून पाहिलं. नदी गढूळ, फुगलेली. ती हळूच म्हणाली, "मामू, ती जळगावची मुलं..."

ती बातमी आपल्या बहुतेक घरांत वाचली गेली असेल. 4 जून 2024 रोजी रशियात वेलिकी नोवगोरोद इथे व्होल्खोव नदीत चार भारतीय मेडिकल विद्यार्थी बुडाले. त्यांत आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातली मुलं होती, आपल्या समाजातलीही होती. एकाचा घरच्यांशी व्हिडिओ कॉल चालू होता आणि घरचे त्याला पाण्याबाहेर ये म्हणून विनवत होते, असं तेव्हा छापून आलं. आपा त्या दिवशी जेवली नव्हती. कॉलवर मूल दिसलं की ते आपल्या हाताशी आहे असं वाटतं. हात तिथवर पोचत नाही. आमच्या मोर्णेत पोहणं शिकावं असं पाणीच नसतं. वऱ्हाडातल्या किती मुलांना पोहता येतं? परदेशी पाठवताना आपण स्वेटर घेतो, लोणचं बांधतो, पण "अनोळखी पाण्यात उतरू नकोस" हे वाक्य सांगायचं राहून जातं.

मूर्तिजापूर, मग बडनेरा, मग अमरावती. शहरात पंजाबराव देशमुखांच्या नावाचं मेडिकल कॉलेज आहे. याच जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव 1920 साली शिकायला विलायतेला गेले, तेव्हा पत्र बोटीने जायचं आणि उत्तर यायला महिना-दीड महिना लागायचा. तेव्हाच्या आईबापांना तयारी एकदाच आणि निघण्याआधीच करावी लागत असेल.

डॉक्टर वयस्क होते. भाचीला नळीत जोरात फुंकायला लावून त्यांनी फुप्फुसाची तपासणी केली. मग आपाला विचारलं, "बिश्केकची थंडी ठाऊक आहे का?" आम्ही बर्फाचं बोललो. ते म्हणाले, "बर्फाचं सोडा. तिथे हिवाळ्यात घरोघरी कोळसा जळतो, धूर शहरावर साचून राहतो. दमेकऱ्याला तो धूर बाधतो." आपाचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी लगेच सांगितलं, "दमा असलेली मुलं डॉक्टर होतात, मीच आहे की. पण लपवू नका."

का, तेही त्यांनी समजावलं. विम्याच्या फॉर्मवर आजार नाही असं लिहिलं आणि उद्या त्याच आजाराने दवाखान्यात ठेवावं लागलं, तर कंपनी पैसे नाकारू शकते. त्याहून मोठी गोष्ट, रात्री दोन वाजता मुलीला श्वास लागला तर खोलीतल्या मैत्रिणीला ठाऊक असलं पाहिजे की पंप कुठे आहे. घरात जे लपवायला शिकवलं, ते मूल तिथेही लपवतं.

त्यांनी इंग्रजीत पत्र लिहून दिलं. औषधाचं कंपनीचं नाव न लिहिता मूळ नाव लिहिलं, म्हणजे कुठल्याही देशातल्या दुकानात कळेल. रोज काय घ्यायचं, त्रास वाढला तर काय, आणि कुठल्या लक्षणाला थेट दवाखाना गाठायचा, हे एका पानावर. औषध हातातल्या बॅगेत ठेवायचं, मोठी बॅग विमानात हरवू शकते.

दुपारी फूफीकडे गेलो. शेजारचा मुलगा भेटायला आला. 2022 मध्ये तो युक्रेनच्या खारकीवला शिकत होता. तो म्हणाला, "15 फेब्रुवारीला दूतावासाने सांगितलं होतं की गरज नसेल तर तूर्त निघा. आम्ही वर्ग बुडतील म्हणून थांबलो. 24 ला युद्ध सुरू झालं." तळघरात काढलेल्या रात्री त्याने सांगितल्या. त्याच्या खोलीतल्या एका मुलाला दमा होता, हे सगळ्यांना तळघरात कळलं, त्याचा पंप संपला तेव्हा. 2 मार्चला दूतावासाने खारकीव लगेच सोडायला सांगितलं, आणि हे सगळे त्या मुलाला आळीपाळीने आधार देत कित्येक किलोमीटर चालले. पुढे 'ऑपरेशन गंगा'च्या विमानाने घरी आले.

भाचीने वही काढली. त्याने सांगितलं ते तिने लिहून घेतलं. पोचल्याच्या आठवड्यात भारतीय दूतावासात नाव नोंदवायचं, परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवरही. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती एक स्वतःकडे, एक घरी. थोडे डॉलर वेगळे. रशिया असो की किर्गिझस्तान, अँब्युलन्सचा नंबर 103. दूतावासाने बाहेर पडू नका म्हटलं तर पडायचं नाही. त्याच वर्षी मे महिन्यात बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलांवर जमाव चालून गेला, तेव्हा दूतावासाने हाच सल्ला दिला होता.

परतीच्या बसमध्ये अंधार पडत आला होता. भाचीने मोबाईलच्या उजेडात फॉर्म मांडीवर घेतला आणि आपाकडे पाहिलं. आपा बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "लिही. जो मुलगा दम्यामुळे नाही म्हणेल, तो थंडीत पंप तरी कुठे शोधून देणार आहे?" भाचीने 'होय' लिहिलं.

अम्मी दोन दिवस रुसल्या. उंट मोकळा सोडून तवक्कुलचं नाव घेणाऱ्या माणसाला हुजूर (स.) यांनी काय सांगितलं, हा किस्सा त्यांनीच आम्हाला लहानपणी सांगितलेला. आम्ही फक्त आठवण करून दिली. तिसऱ्या दिवशी त्या शिलाई मशीनवर बसल्या आणि पंप ठेवायला गळ्यात अडकवायची छोटी पिशवी शिवून दिली.

तुमच्याही घरात कुणाची पाठवणी ठरली असेल, तर बॅग भरायच्या आधी एक संध्याकाळ काढा. मुलाला समोर बसवून विचारा की तुला काय त्रास होतो, आणि जे सांगेल ते फॉर्मवर खरं लिहा. भाची आता बिश्केकला आहे. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे. मगरिबनंतर तिचा फोन येतो, आणि आपा सलामानंतर पहिला प्रश्न तोच विचारते: "पंप जवळ आहे ना?"