योग्य नाव भरा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या तालुक्यातल्या एका संस्थेची शिष्यवृत्ती असते, दहावी पास मुलींसाठी. रक्कम फार नाही, पण अकरावीची फी आणि एसटीचा पास निघतो. त्यांचा ऑनलाइन फॉर्म मी करून दिला होता. पैसेही घेतले होते, फुकटची समाजसेवा नव्हती, हे आधीच सांगतो.

मुदत संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ माझ्या दुकानात आले. हातात मुलीची मार्कशीट. खुर्ची दिली तर बसले नाहीत. म्हणाले, "भाऊ, आमच्या पोरीचं नाव अयोग्य आहे का?"

मला कळेचना. मग त्यांनी मोबाईल पुढे केला. स्क्रीनशॉट होता. फॉर्मवर लाल अक्षरांत माझंच वाक्य: 'कृपया योग्य नाव भरा.' मुलीच्या आडनावात ऱ्ह होता. गोऱ्हे, कऱ्हाडकर असतं ना, तसा. माझ्या मोबाईलवर तेच नाव टाकून बघितलं तर फॉर्म गेला! म्हटलं, काका, जातोय की. ते म्हणाले, "तुमचा जातो हो. आमचा रात्री बारापर्यंत नाही गेला."

सर्व्हरचा लॉग काढला. चौदा वेळा प्रयत्न केला होता पोरीने. शेवटचा ११ वाजून ५२ मिनिटांनी.

आता चूक काय होती ते सांगतो. हे वाचणाऱ्यांत कोड लिहिणारे बरेच आहेत, आणि जे नाहीत त्यांनीही वाचावं, कारण फॉर्म तुम्हीच भरता.

आपला हा अर्धा र कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे ऱ (युनिकोडमध्ये ०९३१), त्याला हलन्त आणि पुढे ह. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र (०९३०), हलन्त (०९४डी), मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक अदृश्य चिन्ह (२००डी) आणि पुढे ह. दिसायला दोन्ही सारखेच. कुठला कीबोर्ड पहिलं लिहितो, कुठला दुसरं. मी नाव तपासताना देवनागरीची अक्षरं आणि मात्रा चालतील असा नियम लिहिला होता. ते अदृश्य चिन्ह देवनागरीच्या रांगेत (०९०० ते ०९७एफ) येतच नाही. त्यामुळे तिच्या मोबाईलवरून आलेलं नाव माझ्या कोडला 'अयोग्य' वाटलं. आणि चिन्ह दिसतच नाही, तर ती पोर दुरुस्त तरी काय करणार होती?

यावर काही जण 'हुशार' उपाय करतात, ते चिन्ह सरळ पुसून टाकतात. मग गोऱ्हेचं गोर्हे होतं. कितीतरी याद्यांमध्ये हे बघितलंय मी. मराठीत आचार्यांना आणि आचाऱ्यांना यात फरक आहे, तो पुसायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? खरा उपाय असा: आलेल्या मजकुरात र, हलन्त आणि ते अदृश्य चिन्ह ही तिन्ही एकापाठोपाठ दिसली की त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवा. मग नॉर्मलाइज फंक्शन एनएफसी देऊन चालवा. एका ओळीचं काम आहे. एनएफसी एकट्याने हे करत नाही, म्हणून आधीची ओळ लागतेच.

तसंच ॲचं. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८ साली. त्याआधी अ वर चंद्र ठेवून काम चालायचं, आजही बरेच कीबोर्ड तसंच लिहितात. दोन्ही ॲ डोळ्यांना एक, पण सर्चला वेगळे. वकिलांच्या यादीत 'ॲड.' शोधा, अर्धे वकील गायब. इथे तर एनएफसीही काही करत नाही. हातानेच अ अधिक चंद्र या जोडीच्या जागी ॲ (०९७२) घालावा लागतो.

आणि मुळात नावाला नियम लावायचाच कशाला, हा माझा आताचा प्रश्न आहे. लावायचाच असेल तर रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये नुसती 'लेटर' ही जात देऊ नका. युनिकोडच्या हिशोबात आपल्या मात्रा, अनुस्वार, हलन्त ही अक्षरं नाहीत, ती 'मार्क' या जातीत येतात. फक्त लेटर चालवलं तर सुनीता, मीरा, कोमल सगळ्या बाहेर. आत येईल तो फक्त अमर.

लांबीचंही तेच. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, इंग्रजी अक्षर १. डेटाबेसमध्ये रकाना बाइटच्या मापाने ३० चा ठेवला असेल तर 'ज्ञानेश्वर' बरोबर ३० बाइटचं, कसंबसं बसतं. 'ज्ञानेश्वरी' ३३ ची, तिची वेलांटी कापली जाते. मुलीचा मुलगा होतो कागदोपत्री! हसू नका, दाखल्यावरचं आणि यादीवरचं नाव जुळत नाही म्हणून किती खेटे पडतात ते ज्याला पडले त्यालाच विचारा.

आकड्यांचा घोळ तर मी स्वतः घातलाय, वेगळ्या कामात. रक्कम मराठीत छान दिसावी म्हणून टू-लोकेल-स्ट्रिंगला एमआर-आयएन दिलं. १,२३,४५६ असं मराठी अंकांत आलं, मालक खूश. पण तोच आकडा एडिट करायच्या खान्यात गेला, तिथून परत सर्व्हरकडे. जावास्क्रिप्टला मराठी अंक हा आकडा वाटतच नाही, एनएएन येतं. पायथॉनला मात्र कळतो, तिथे इंट फंक्शन '१२' मुकाट वाचतं. म्हणून दाखवायचं ते मराठीत दाखवा, साठवायचं ते मूळ संख्येत ठेवा. माणसाने मराठी अंकांत मोबाईल नंबर टाकला तर त्याच्यावर डाफरू नका. प्रत्येक मराठी अंकाचा चारकोडॅट काढायचा, त्यातून २४०६ वजा करायचे, की झाला इंग्रजी अंक. एवढं काम मशीनने करायचं की माणसाने?

फोटोचं 'साइज २०० केबीपेक्षा कमी हवी' हे वाक्य म्हणजे सायबर कॅफेवाल्यांचा धंदा झालाय. वीस रुपये फोटो छोटा करायला, वीस सहीला. अहो, ब्राउझरमध्येच फोटो कॅनव्हासवर लहान करून काढायचा, टू-ब्लॉबला जेपेग आणि ०.७ क्वालिटी द्यायची. अजून मोठा वाटला तर क्वालिटी थोडी खाली. अर्ध्या तासाचा कोड आहे, आणि तालुक्यातल्या प्रत्येक अर्जामागे चाळीस रुपये वाचतात.

अर्धा भरलेला फॉर्म लाइट गेल्यावर उडू नये म्हणून लोकल स्टोरेजमध्ये ठेवा असा सल्ला सगळे देतात. मी देणार नाही. आपल्याकडे फॉर्म कॅफेतल्या मशीनवर भरतात, तिथे पुढच्या माणसाला आधीच्याचा आधार नंबर दिसेल. सेशन स्टोरेज वापरा, टॅब बंद केला की ते पुसलं जातं. आणि आधार, बँक खातं त्यातही नको. लाइट गेली तर मग मसुदा सर्व्हरवरच हवा.

पेज मराठी असेल तर एचटीएमएल टॅगवर लँग बरोबर एमआर लिहा, एन नाही. दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर त्यावरून आवाज निवडतो. लँग एन असेल तर तो मराठी पान इंग्रजीच्या तोंडाने वाचायला जातो. सरकारी वेबसाइटसाठी मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. टॅगमध्ये दोन अक्षरं बदलायची आहेत, बाकी काही नाही.

तर त्या मुलीचं काय झालं. मी संस्थेच्या सचिवांना लेखी दिलं की चूक फॉर्मची आहे, मुलीची नाही. सही करताना हात जड झाला, पुढचं काम जाईल असं वाटत होतं. लॉगमध्ये अजून चार नावं सापडली, सगळ्यांत ऱ. संस्थेने तीन दिवस वाढवून दिले. चौघींना मी स्वतः फोन केले, तिघी लागल्या. चौथीचा नंबर बंद होता. गावचा पत्ताही फॉर्मच्या दुसऱ्या पानावर होता, तिथपर्यंत ती पोचलीच नव्हती.

ते काका माझ्या दुकानात येऊ शकले, कारण फॉर्म कुणी केला हे गावात माहीत होतं. लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ साली झाला, सेवा किती दिवसांत मिळेल ते त्यात ठरवून दिलं जातं. पण दिवस मोजायला अर्ज आधी आत जायला लागतो. 'योग्य नाव भरा' म्हणून जो बाहेरच राहिला, त्याची कुठे नोंदच नाही. म्हणून नवीन काम घेताना मी आता एक अट घालतो: नाकारलेले प्रयत्न मोजायचे, कुठल्या खान्यात अडले ते दर संध्याकाळी बघायचं, आणि फॉर्मच्या खाली एका जिवंत माणसाचा फोन नंबर हवा. पहिल्या दोन गोष्टींना सगळे हो म्हणतात. फोन नंबरवर गाडी अडते.

तुमचा किंवा घरच्यांचा फॉर्म असा नावावर, अंकावर, फोटोवर अडला असेल तर स्क्रीनशॉट खाली टाका. आधार नंबर आणि मोबाईल नंबर झाकून टाका, प्लीज. आडनावात ऱ असेल तर कुठला कीबोर्ड वापरता तेही लिहा, मी यादी करतोय.